‘आठ दिवस चाललात, पोचलात’ म्हणण्याआधी

प्रश्न असा आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत आणि फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती, पाच जणांची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी), चौथी लेव्हल. गावापासून डोंगरातल्या पडक्या देवळापर्यंत आठ दिवसांची वाट. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, प्रत्येक दिवसाला एकदा फासा टाकतो. काही आलं तर लांडगे नाहीतर दरोडेखोर, काही नाही आलं तर ‘दिवस सरला’. तिसऱ्या दिवसापर्यंत खेळाडूंच्या हातात मोबाईल आलेले असतात. हा सगळा भाग गाळून सरळ ‘पोचलात’ म्हटलं तर चालेल का?

चालेल. वाट पायाखालची असेल, वाटेत ठरवण्यासारखं काही नसेल, तर एका वाक्यात पोचवा आणि देवळाच्या दारात सेशन सुरू करा. त्यात काही कमीपणा नाही. पण प्रश्न विचारलात त्या अर्थी ते आठ दिवस तुम्हाला हवे आहेत. मलाही ते हवे असतात. सोलापुरात बारा वर्षं डीएम म्हणून बसतोय, आणि आमच्या टेबलावरच्या लोकांना आजही जे आठवतं त्यातलं निम्मं तरी वाटेवर घडलेलं आहे.

बिघडतंय कुठे ते आधी बघू. फासा तुम्ही टाकता, घडतं ते फाशामुळे, आणि खेळाडू काहीतरी घडेल म्हणून बसून राहतात. आठ दिवसांत त्यांनी स्वतः एकही गोष्ट ठरवलेली नसते. ज्याला काही ठरवायचंच नाही, तो मोबाईल काढणार. म्हणून प्रवासाची तयारी करताना मी एवढंच बघतो की या टप्प्यावर पार्टीला काय ठरवावं लागणार आहे आणि त्यापायी त्यांच्या पदरचं काय जाणार आहे. दोन्हींचं उत्तर सापडलं नाही तर तो टप्पा मी काढून टाकतो.

टप्पा हा शब्द मुद्दाम वापरला. दिवस मोजणं सोडा. हे मला कुठल्या नियमपुस्तकाने शिकवलं नाही, वारीने शिकवलं. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. वारी करून आलेल्या माणसाशी बोलून बघा, तो तुम्हाला ‘अकरावा दिवस’ असं सांगणार नाही. तो दिवेघाट सांगेल, नीरेचं स्नान सांगेल, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण सांगेल, वाखरीची गर्दी सांगेल. प्रत्येक ठिकाणाला नाव आहे आणि तिथे असं काहीतरी होतं जे दुसरीकडे होत नाही. मधले कोस त्याने पायांनी तुडवलेले असतात, पण सांगताना ते गळून जातात. तुमच्या आठ दिवसांचे तीन टप्पे करा, फार तर चार. प्रत्येक टप्प्याला नाव द्या. ‘जंगल’ हे नाव नाही, ‘जळकी बाभळबनं’ हे नाव आहे.

आता ठरवायचं काय? सर्वांत सोपं आणि सर्वांत उपयोगी म्हणजे वाट. गावातून देवळाकडे एकच वाट असेल तर तुम्ही खेळाडूंना आगगाडीत बसवलंत. दोन-तीन वाटा ठेवा आणि प्रत्येकीचं सुख-दुःख वेगळं ठेवा. नदीकाठाने पाणी भरपूर, पण दोन दिवस जास्त आणि नदी ओलांडायच्या उतारावर कुणीतरी पैसे वसूल करतं. माळावरून जवळ, पण पाणी नाही आणि लपायला झुडूपही नाही. घाटाने सावली आहे, पण जनावरं चढत नाहीत, म्हणजे सामान पाठीवर. आणि हे निघण्याआधी खेळाडूंना कळलं पाहिजे. आंधळेपणाने डावी-उजवी निवडायला लावणं म्हणजे पुन्हा फासाच टाकणं झालं. सगळं कळता कामा नये, पण निवडण्याइतकं कळलंच पाहिजे.

ही माहिती कुणाच्या तोंडून द्यायची, याला मी फार महत्त्व देतो. आमच्याकडे माळावरच्या पाण्याची खबर सगळ्यात पक्की कुणाकडे असेल तर धनगराकडे. मेंढरं घेऊन वर्षातले कित्येक महिने तो फिरतीवर असतो, कुठल्या शेतात मेंढरं बसवली तर दाणे मिळतील आणि कुठल्या ओढ्यात अजून डबकं आहे हे त्याला माहीत असतंच. माझ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीत, असा एक वाटसरू नेहमी असतो. तो पैसे घेत नाही, बदल्यात काम सांगतो: ‘रात्री कोकरं राखा, मग सांगतो.’ लांडगे मी तिथे आणतो. तुमच्या टेबलवरचे लांडगे थेट पार्टीच्या अंगावर येतात. माळावरचा लांडगा पाच हत्यारबंद माणसांच्या वाटेला कशाला जाईल? तो कळपामागे असतो. मग पार्टीपुढे लढाईपेक्षा अवघड गोष्ट येते. हातात मशाल, अंधारात दोनशे मेंढरं, आणि एक कोकरू गेलं तर सकाळी पाण्याची खबर मिळणार नाही.

नान्नजच्या माळावर एकदा पहाटे चालून या, मग दुसरी एक गोष्ट लक्षात येईल. ते माळढोकाचं अभयारण्य, पण माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग. काळवीट मात्र दिसतात, आणि ते आपल्याला दिसायच्या कितीतरी आधी आपण त्यांना दिसलेलो असतो. गुडघ्याएवढं गवत, मुरमाड जमीन, मधूनच एखादी बोर. सगळं दिसतं, लपता काहीच येत नाही. आपल्यातले बहुतेक डीएम ‘वाइल्डरनेस’ म्हटलं की घनदाट अरण्य डोळ्यांपुढे आणतात, कारण चित्रांत तेच असतं. पण दाट झाडीत शत्रू तीस फुटांवर दिसतो, तेव्हा ठरवायला वेळच उरत नाही, सरळ इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत आधी पाळी कुणाची याचा फासा, टाकायचा. माळावर धुळीचा लोट तासभर आधी दिसतो. तो तास सोन्यासारखा आहे. घोडेस्वार किती असतील? आपल्याकडेच येतायत का? ओढ्याच्या घळीत उतरावं की सरळ उभं राहून हात वर करावा? असा तासभराचा लोट मी दाखवला तेव्हा आमचं टेबल पाऊण तास नुसतं बोलत होतं, एकही फासा पडला नव्हता, आणि शेवटी जे आले ते मिठाचे व्यापारी निघाले. कुणालाही फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण त्या पाऊण तासात त्यांनी आपला अर्धा दिवस खर्ची घालून घळीची वाट धरली होती. तेव्हा एन्काउंटर, म्हणजे वाटेत गाठ पडण्याचा प्रसंग, लिहिताना ‘काय’ लिहिण्याआधी ‘किती लांबून दिसतं’ ते लिहा.

आता पदरचं काय जातं, या भागाकडे येतो. इथेच पाचव्या आवृत्तीत प्रवासाचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. दिवसाला एक लढाई आणि रात्री लाँग रेस्ट (पूर्ण विश्रांती), म्हणजे रोज सकाळी सगळे स्पेल (मंत्र) परत, सगळे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) परत. लांडग्यांची लढाई जिंकली काय, मार खात जिंकली काय, सकाळी फरक शून्य. तुमच्या खेळाडूंना हे मनातल्या मनात कळलेलं असतं. डीएमसाठीच्या २०१४च्या पुस्तकात यावर एक पर्यायी नियम आहे, आठ तासांची झोप म्हणजे शॉर्ट रेस्ट (थोडंच परत देणारी विश्रांती) आणि सात दिवसांचा मुक्काम म्हणजे लाँग रेस्ट. तो मी वर्षभर वापरून सोडला, कारण देवळाच्या आत शिरल्यावर तोच नियम गळ्यात धोंडा होतो. आता माझा नियम जागेवर चालतो: वाटेवर उघड्यावर झोपलात तर शॉर्ट रेस्ट. लाँग रेस्ट फक्त जिथे आसरा, पाणी आणि पहाऱ्याशिवाय झोपण्याइतका भरवसा आहे तिथे. धर्मशाळा, मठ, ओळखीच्याचा वाडा, धनगराचा तळ. नियम एवढाच, पण नकाशावरच्या अशा जागांना एकदम किंमत येते. खेळाडू स्वतःहून विचारायला लागतात, ‘पुढची धर्मशाळा किती लांब?’ हा नियम कॅम्पेनच्या मध्येच लादू नका. आधी सांगा, कारणासकट सांगा, सगळ्यांची हो घ्या.

अन्नपाण्याचं काय करायचं? पुस्तकात माणशी रोज एक पौंड अन्न आणि एक गॅलन पाणी, उन्हाळ्यात दोन गॅलन. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. हे आकडे वहीत लिहीत बसलं तर सेशन किराणा दुकानाच्या खातेवहीसारखं होतं. मी चिंचोके वापरतो. टेबलाच्या मधोमध एक पितळी वाटी, एक चिंचोका म्हणजे अख्ख्या पार्टीचं एक दिवसाचं पाणी. दिवस सरला की खेळाडूने स्वतःच्या हाताने एक चिंचोका उचलून माझ्या बाजूला ठेवायचा. मी उचलत नाही, त्यांनीच उचलायचा. वाटीत सहा चिंचोके असताना कुणाचं लक्ष नसतं. दोन उरले की सगळ्यांच्या माना वाटीकडे. अन्नाचा हिशेब मी जवळजवळ सोडूनच दिलाय. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली की दिवसचे दिवस टिकते, हे आमच्या टेबलावर कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पाणीच माणसाला वाट बदलायला लावतं.

इथे कुणीतरी म्हणणार, आमच्याकडे क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र चालवणारं पात्र) आहे, ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ने दहा गॅलन पाणी काढेल; ड्रुइड (निसर्गाचे मंत्र जाणणारं पात्र) ‘गुडबेरी’ने दहा बोरं काढेल आणि प्रत्येक बोर एका माणसाचं दिवसाचं पोट भरेल. हे स्पेल बंद करू नका. खेळाडूने ते निवडलेत, त्याला त्यांचा उपयोग झालाच पाहिजे. दहा गॅलन म्हणजे पाच जणांचं उन्हाळ्यातलं बरोबर एका दिवसाचं पाणी, म्हणजे एक चिंचोका परत. पण वर सांगितलेला झोपेचा नियम लागू असेल तर तो स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायची ती एक संधी, धर्मशाळा येईपर्यंत परत येत नाही. आज पाणी काढलं तर उद्या जखम भरायला एक स्लॉट कमी. क्लेरिकचा खेळाडू विचार करायला लागला की समजा, गाडी रुळावर आली.

एक सेशन जवळून सांगतो. जुळे सोलापुरातलं एका मित्राचं घर, मे महिना, पंखा फुल्ल आणि तरी घाम. पार्टी माळावर, वाटीत दोन चिंचोके. मी वाटेचं वर्णन करताना एक वीरगळ सांगितली. आपल्याकडे गावाबाहेर, देवळाच्या आवारात अशा पडलेल्या असतातच. मी एवढंच म्हणालो: ‘कमरेएवढा दगड, थोडा कललेला. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि त्याच्यामागे गाई. मधल्या चौकटीत लढाई. वर तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.’ ज्यांना हे दगड वाचता येतात त्यांना कळेल, गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्या माणसाचा हा दगड. मला त्यातून सांगायचं होतं की या भागात लुटारूंची जुनी वहिवाट आहे.

‘रोग’, म्हणजे चोरपावलांनी वावरणारं पात्र, खेळणारी मुलगी गप्प होती. मग म्हणाली, ‘गाई किती आहेत?’ मी म्हणालो, पाच-सहा कोरलेल्या दिसतात. ती म्हणाली, ‘मग इथे गुरं होती. गुरं होती म्हणजे रोज पाजायला पाणी होतं. आणि तो माणूस गाईंसाठी मेला, म्हणजे गाव लांब नव्हतं.’ टेबलावर कुणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. दगडाचं तोंड कुठे आहे, चढ कुठल्या बाजूला, जुनी वस्ती कुठे असेल. शेवटी एका ढिगाऱ्याखाली त्यांना बारव सापडली, पायऱ्या दगडमातीने बुजलेल्या. गाळ काढायला अर्धा दिवस लागणार होता आणि पश्चिमेला धुळीचा लोट दिसत होता.

ती बारव माझ्या वहीत नव्हती. माझ्या वहीत पाणी पुढच्या ओढ्यात होतं. पण तिचा तर्क सरळ आणि खरा होता, आणि असा तर्क कुणी केला तर त्या जगाने त्याला दाद दिली पाहिजे, असं मी मानतो. म्हणून बारव ठेवली, आणि फुकट नको म्हणून गाळ ठेवला. त्यांनी खणलं. लोटातून आलेले लोक खरंच लुटारू होते, आणि पार्टीतले दोघं बारवेच्या तळाशी गाळात गुडघाभर उभे असताना ते वर पोचले. ती लढाई पायऱ्यांवर झाली. त्या दिवशी रात्री साडेबारापर्यंत कुणी उठलं नाही.

यातून घ्यायचं ते असं की वाटेवरच्या खुणा वाचता येण्याजोग्या ठेवा. आपल्या आसपास त्या पडलेल्याच आहेत. हत्तरसंग कुडलला सीना-भीमेच्या संगमावर शके ९४०चा शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन १०१८चा. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्यासाठी मराठीत ओळ कोरून ठेवली. नळदुर्गात पाणीमहालावरून बोरी नदी पडते तेव्हा एका धबधब्याला नर आणि एकाला मादी म्हणतात. वीरगळ, गधेगाळ (शाप कोरलेला दानाचा दगड), वेशीवरचा मारुती, संगमावरचं देऊळ, नदीतला उतार: या प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. दुसऱ्या देशाच्या किल्ल्यांची आणि ओकच्या झाडांची वर्णनं वाचून दाखवण्यापेक्षा खेळाडूने कधीतरी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगा, तो त्यातून अर्थ काढू शकेल.

हवामानाचंही तसंच. सेशनच्या सुरुवातीला एकदा ठरवा आणि आधी चिन्हं दाखवा. वळवाचा पाऊस येण्याआधीची ती कोंडलेली हवा, झाडाचं पानही हलत नाही, मग एकदम धूळ उठते. आणि नदीची एक गोष्ट विसरू नका: इथे कोरडं ठणठणीत असताना वर पाऊस झाला तर नदी इथे फुगते. पाण्याला अचानक गढूळ रंग आला, काटक्या वाहत आल्या, एवढं सांगून थांबायचं. नदीपात्रात तळ ठोकलेल्या पार्टीतल्या एकाला तरी कळतं.

आता सर्व्हायव्हल चेक, म्हणजे रानात तग धरण्याच्या कसबाचा फासा. ‘रेंजर, रोल कर. तेरा? चुकलात. परत रोल कर.’ असं होत असेल तर ते बंद करा. एकाने फासा टाकायचा आणि चौघांनी बघायचं, यात कुणालाच काही मिळत नाही. प्रत्येकाला काम द्या: एक वाट काढणारा, एक पुढे जाऊन बघणारा, एक सामान-पाणी सांभाळणारा, एक मागे नजर ठेवणारा. टप्प्यात जे घडेल ते त्या कामाच्या माणसापुढे घडू दे. आणि चेक फसला तरी पार्टी पोचलीच पाहिजे, फक्त महाग पोचली पाहिजे. एक चिंचोका जास्त गेला, खेचर लंगडलं, किंवा पोचले पण अंधारात आणि चुकीच्या बाजूने. ‘हरवलात’ हा निकाल मी देत नाही, कारण त्यानंतर खेळाडूच्या हातात पुन्हा फासा टाकण्यापलीकडे काही राहत नाही. अंतराच्या आकड्यात फार अडकू नका. पुस्तकात साध्या चालीने दिवसाला चोवीस मैल, म्हणजे अडतीसेक किलोमीटर दिलेत. ज्याने ओझं घेऊन उन्हात पंचवीस किलोमीटर चालून बघितलंय तो ते आकडे बिनवाटेच्या मुलखात अर्ध्यावर आणेल.

रात्रीचा तळ ही सगळ्यात वाया जाणारी जागा. ‘पहारा कोण देणार’ एवढं विचारून आपण पुढे जातो. पुन्हा वारीकडे बघा. मुक्कामाला समाजआरती होते, चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. मी हे जसंच्या तसं टेबलावर आणलं. तळ पडला की मी म्हणतो, ‘सगळं शांत. कुणाचे टाळ वाजतायत?’ ज्याच्या कॅरेक्टरच्या मनात काही खुपत असेल त्याने बोटांनी टेबलावर वाजवायचं. पहिल्या दोन वेळा कुणी वाजवलं नाही. तिसऱ्यांदा पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणाऱ्याने वाजवलं, आणि मागच्या गावात चोराला सोडून दिल्याबद्दल त्याच्या मनात महिनाभर साठलेलं बाहेर आलं. पाच-सात मिनिटं पुरतात. रोज रात्री करू नका, टप्प्याला एकदा करा.

वर्णन किती करायचं हेही विचारतात. तीन वाक्यं. त्यातलं एक डोळ्यांचं, एक कानाचं नाहीतर नाकाचं, आणि तिसऱ्यात असं काहीतरी ज्याला हात लावता येईल किंवा ज्याच्याबद्दल प्रश्न विचारता येईल. मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मुळात हा प्रवास खेळाच्या पोटातलाच आहे, वरून चिकटवलेला नाही. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याच्या पुस्तिकांनी उघड्या मुलखातल्या भटकंतीसाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच एका बोर्डगेमचा षटकोनी घरांचा पट वापरायला सांगितलं होतं. तहान-भुकेने माणूस कसा मरतो यावरचा तो खेळ होता. भुयार आणि मोकळं रान दोन्ही पहिल्या दिवसापासून सोबत आहेत.

तर तुमचे आठ दिवस. पहिला टप्पा गाव ते धनगराचा तळ, दोन दिवस, वाट ओळखीची, दोन वाक्यांत संपवा. तळावर कोकरांची रात्र आणि त्याबदल्यात पाण्याची खबर, शिवाय शेवटचा लाँग रेस्ट. दुसरा टप्पा माळ किंवा नदीकाठ, जे ते निवडतील ते. माळ घेतला तर वाटीत चार चिंचोके ठेवा आणि अंतर पाच दिवसांचं ठेवा, म्हणजे एक कमी पडतोच. नदीकाठ घेतला तर सात दिवस लागतील आणि तोवर देवळात जे कुणी बसलेले असतील त्यांचं काम किती पुढे गेलेलं असेल ते वहीत लिहून ठेवा, कारण उशिराची किंमत तिथेच दिसली पाहिजे. तिसरा टप्पा एकच दिवस: डोंगराचा चढ, वरून देवळाचा धूर दिसतो, आणि अंधार पडायच्या आत वर जायचं की थकलेल्या अंगाने खाली थांबायचं एवढंच ठरवायचं. रँडम एन्काउंटरचा तक्ता फेकू नका, त्यातले सहा प्रसंग उचला आणि प्रत्येकापुढे तो किती लांबून दिसतो आणि त्याला पार्टीकडून काय हवंय हे लिहा. पुढच्या सेशनला दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलात तरी भरपूर झालं. परतीची वाट मात्र त्याच रस्त्याने न्या, आणि थोडक्यात न्या: ज्यांची कोकरं राखली त्यांनी ओळखून हाक मारली पाहिजे, आणि बारव कुणी उपसली असेल तर तिथे आता दुसरं कुणीतरी पाणी भरत असलं पाहिजे.